हनुवटीला लागणारा कठडा

मित्रांनो, मी कोर्टातला एक जुना पिंजरा आहे. आरोपीला ज्यात उभं करतात, तो. सुताराने मला घडवलं तेव्हा मोठ्या माणसाच्या छातीचं माप घेतलं होतं. "मजबूत झालाय," असं सगळे म्हणाले. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं. नंतर कोणी पॉलिशसुद्धा केलं नाही. माझा कठडा गुळगुळीत राहिला तो घामेजल्या हातांमुळे. खरं-खोटं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

एकदा माझ्यात एक मुलगी आणून उभी केली. शिलाई कारखान्यात मुकादमाने मारलं, म्हणून रागाच्या भरात तिने चिंध्यांच्या ढिगाला काडी लावली होती. अख्खं गोदाम जळून खाक झालं. माझा कठडा तिच्या हनुवटीला लागत होता.

"वय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"एकोणीस," ती पाठ केल्यासारखं म्हणाली.

तिचे म्हातारे वकील उठले. "बाईसाहेब, अजाण वयातल्या चुकीला मोठ्यांचा दंड नको, असं जुन्या धर्मग्रंथांतले ऋषीसुद्धा सांगून गेलेत. आजचा कायदाही तेच म्हणतो. मला ही लहान दिसते."

"दोन्ही मान्य. पण नुसत्या दिसण्यावर कशी जाऊ? ती स्वतःच एकोणीस सांगतेय."

एकोणीस म्हणजे मोठ्यांचा तुरुंग. मागच्या बाकावरून तिची आई उठली.

"मीच शिकवलंय तिला. लहान पोरींना कारखान्यात घेत नाहीत, म्हणून वय वाढवून सांगितलं. मीही तिथेच कामाला आहे. खोटं उघडं पडलं तर मलाही काढतील, म्हणून गप्प बसले. पंधराची आहे हो ती."

"आई, गप्प बस ना," मुलगी हळूच म्हणाली. "घर कसं चालेल?"

बाईंनी चष्मा काढला. "आधी हिला तिथून खाली उतरवा. मग वयाची तपासणी करा."

आईचं बोलणं खरं ठरलं. मुलीचा खटला मुलांच्या कोर्टात गेला. तिथे पिंजरा नाही, टेबलाभोवती खुर्च्या आहेत, असं शिपाई सांगत होता. तिचा तुरुंग चुकला, तिला बालसुधारगृहात शिकायला ठेवलं. आईचं काम मात्र गेलं.

तिच्याआधीही अशा हनुवट्या मला लागल्या होत्या. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीच उठलं नाही. ते आठवलं की मला फार थकायला होतं.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला नाही जपलं तरी चालेल. फक्त मोठे झाल्यावर कोणाला माझ्यात उभं करायची वेळ आली, तर कठडा त्याच्या कुठे लागतो, तेवढं आधी बघा.