खैरेच्या बंधाऱ्यातली दारं

भाद्रपदाचं ऊन. पिवळं, निबर, निर्दय ऊन. माणदेशाच्या ताम्रवर्णी माळावरून मेघ यंदा पाठ फिरवून गेले होते, आणि त्या विस्तीर्ण, तृषार्त भूमीतून खैरा नदी तेवढी वाहत होती. क्षीण होती, पण वाहत होती. वर्षातलं शेवटचं पाणी करंजवाडीच्या बंधाऱ्याच्या खांबांमधल्या नऊ उघड्या गाळ्यांतून निघून चाललं होतं.

गजराक्का त्या पाण्यात गुडघाभर उभी होती. करंजवाडीची रीतच होती, नदीत उभं राहायचं आणि खाली पाहायचं. पायाची नखं दिसली नाहीत, तर पाण्यात गाळ आहे, जाऊ द्यावं. दिसली, की त्याच दिवशी गाळ्यांत बर्गे, म्हणजे लोखंडी फळ्या, सारून नदी अडवावी.

त्या दिवशी नखं दिसली. दहाच्या दहा, स्वच्छ, सुस्पष्ट.

पण बर्गे बंधाऱ्याजवळच्या सरकारी शेडात होते, शेडाला कुलूप होतं, आणि किल्ली तालुक्याला शाखा अभियंता कर्पे यांच्या टेबलात होती. खोऱ्याच्या जलनियोजनात बर्गे घालायची तारीख होती पंधरा ऑक्टोबर. आक्का तीनदा एसटीनं जाऊन आली. तिन्ही वेळा कर्प्यांनी तिला नकाशा दाखवला. आकाशनील रेघांचा, सुबक, सुंदर नकाशा. त्यात करंजवाडीचा जलसाठा निळ्या शाईनं आधीच काठोकाठ भरलेला होता. तारखेआधी हात लावलात तर गुन्हा दाखल होईल, असं त्यांनी अगदी सौम्य शब्दांत सांगितलं.

अरे, नदी काय तुमच्या कचेरीत कारकून आहे, तारीख पाहून थांबायला? बैल गेला नि झोपा केला म्हणतात. इथे तर बैल डोळ्यांदेखत चालला होता, आणि हे शहाणे मुहूर्त काढून बसले होते!

आक्काचा संताप उगाच नव्हता. गेल्या चैत्रात विहीर आटली, तेव्हा तिची सून सिंधू हंडा घेऊन तळाशी उतरली, ओल्या पायरीवरून घसरली, आणि पोटातलं सात महिन्यांचं मूल गेलं. सिंधूला आता पुन्हा दिवस होते. दुसरा महिना. बंधारा भरला तरच विहिरीला पाझर फुटणार. नाही भरला, तर चैत्रात नवव्या महिन्याचं पोट घेऊन ती पुन्हा त्याच पायऱ्या उतरणार.

तिसऱ्या खेपेहून आक्का परतली. पहार घेतली आणि स्वतःच्या घराचं दार चौकटीतून उखडलं. पुढे सरसावलेल्या सिंधूला नजरेनंच थांबवलं, आणि ते जुनं, काळसर, सागवानी दार डोक्यावर घेऊन ती भर उन्हात नदीकडे निघाली.

मग शेजारचं दार निघालं. मग पलीकडचं. घरोघर खिळे करकरले. एक दार, दोन दारं, सत्तावीस दारं. निळी दारं, हिरवी दारं, लग्नाची तोरणं मिरवलेली दारं. गाळ्यांच्या खाचांत ती आडवी सारली, फटींत चिकणमाती थापली. दिवस मावळता मावळता पाणी थबकलं, वळलं, चढू लागलं.

पंधरा ऑक्टोबरला कर्पे आले. आदेश, पोलीस आणि किल्ली घेऊन आले. हा अनधिकृत अडथळा काढा, शासनाचे बर्गे घाला, म्हणाले. आधी बर्गे दाखवा, आक्का म्हणाली.

कुलूप उघडलं. तीनशे बर्ग्यांच्या जागी अकरा होते. गंजलेले, भोकं पडलेले अकरा. उन्हाळ्यात रचून ठेवलेलं लोखंड शेडाचा मागचा पत्रा उचकटून कुणी तरी कधीच भंगारात नेलं होतं. महिनाभर गुन्ह्याचा धाक दाखवून या माणसांनी राखलं ते नुसतं कुलूप! आणि त्या नसलेल्या लोखंडामागे नकाशात पाणी भरलेलं होतं. लाज नावाची वस्तू कुठल्या शेडात ठेवता रे?

आक्काचा आवाज चढला नाही.

"सायेब, पंचनामा लिवा. पयल्या गाळ्यातलं दार माझं हाय, माझं नाव घाला. पर त्येला हात लावायच्या आधी मला उचलून न्यावं लागंल."

कर्प्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. दारांना हात न लावता, पोलिसांना घेऊन ते आल्या वाटेनं परत गेले.

त्या हिवाळ्यात करंजवाडीत बहुतेक घरांना दार नव्हतं. माळावरचं बोचरं, बेमुर्वत वारं सरळ आत यायचं, अंथरुणात शिरायचं. माणसं कुडकुडत, शिव्या देत झोपायची.

आणि चैत्र आला. धगधगता, धुळकट, निष्पर्ण चैत्र. सिंधू विहिरीवर गेली, काठावर उभी राहिली, जराशी वाकली, आणि तिथूनच, एकही पायरी न उतरता, तिनं हंडा बुडवला.