उचलता न येणारं कपाट

बाबांचा फर्निचरचा कारखाना बुडाला तेव्हा जे जे उचलता आलं ते सगळं गेलं. यंत्रं, रचून ठेवलेलं लाकूड, गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या खुर्च्या. बाबा दारात उभे राहून हमालांना वाट करून देत होते. "जपून, कोपरा घासेल," असंही सांगत होते.

कोर्टाने त्यांना दिवाळखोर ठरवलं आणि काही महिन्यांनी देण्यांतून मोकळं केलं. त्या दिवशी चपला काढायच्या आधीच ते म्हणाले, "सुटलो! आता कुणाच्या बापाचं देणं लागत नाही."

"आणि घराचा हप्ता?" आईने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं."

बँकेचे फोन खरोखरच थांबले होते. त्या शांततेलाच त्यांनी माफी मानलं. हप्ता बंद केला आणि त्या पैशांचं लाकूड आणलं.

बैठकीच्या अख्ख्या भिंतीत त्यांनी कपाट बसवलं, जमिनीपासून छतापर्यंत. चौकट भिंतीत चिणलेली, सांधे एकमेकांत घट्ट रुतलेले. "आता हे कोण उचलून नेतो बघू," ते म्हणायचे. जे उचलता येतं तेच नेतात, एवढंच ते त्या दिवसांतून शिकले होते. शेवटचा ड्रॉवर बसवला आणि त्याच हिवाळ्यात ते गेले.

त्यानंतर घर लिलावात निघाल्याची नोटीस आली. मी आईला घेऊन बाबांची केस चालवणाऱ्या वकीलबाईंकडे गेले.

"कोर्टाने कर्ज तुमच्या वडिलांच्या मानेवरून उतरवलं, घराच्या नाही," त्या म्हणाल्या. "बँक त्यांच्याकडे पैसे मागू शकत नव्हती, म्हणून फोन थांबले. पण घर तारणच होतं. हप्ते चालू ठेवले असते तर राहिलं असतं."

"हे त्यांना कुणी सांगायला नको होतं?"

"मीच सांगितलं होतं. मान डोलावत होते."

रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "घर जाऊ दे. कपाट तेवढं नेऊ."

दोन दिवसांनी बँकेचा माणूस मापं घ्यायला आला. बिचारा आदबशीर होता. आईने त्याला कपाटाचं विचारलं.

"भिंतीत पक्कं केलेलं घराबरोबर जातं, काकू. सुटं सामान तुमचं." त्याने कपाटाच्या दारावरून हात फिरवला. "काम मात्र एक नंबर आहे. घराला भाव चांगला येईल."

"ह्यांना कळवते," आई बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली.

तो गेल्यावर ती टॉर्च घेऊन कपाटाच्या आत शिरली. "एखादा तरी स्क्रू असेल गं. काढला की सुटेल."

स्क्रू नव्हता. खिळाही नव्हता. खिळे मारणाऱ्याला बाबा सुतार म्हणतच नसत. 'तसबिरी टांगणारा' म्हणत. मी माळ्यावरून त्यांची करवत काढून आणली. पातं चौकटीला टेकवलं, तेव्हा आईने माझं मनगट धरलं.

"नको. कापलं की नुसत्या फळ्या उरतील."

मग तिने एक ड्रॉवर ओढला, पूर्ण बाहेर काढला आणि छातीशी धरला.

"हा तर सुटाच आहे ना?"

आता आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. ते सगळे ड्रॉवर इथे भिंतीलगत जमिनीवर मांडले आहेत. एका सुताराला दाखवले. तो म्हणाला, "ताई, हे त्या कपाटाच्याच मापाचे. दुसऱ्या कशात नाही जायचे."

काल आईने त्यातल्या एकातून टॉवेल काढला आणि सवयीने ड्रॉवर तळव्याने आत ढकलला. तो भिंतीवर आपटला. तिने पुन्हा ढकलला.

"अगं, आत जात नाही तो," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. हात तिने तिथून काढला नाही.