माझा उजेड आणि सूर्यभानजींचा चेहरा

मी एक जुना मॉनिटर आहे. अकोल्यात अमोलच्या फोटो स्टुडिओत बसून असतो. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही मॉनिटर ओळीनं पेटलेले होतो. शेजारचा शांत होता, खरे रंग दाखवणारा. अमोल म्हणाला, "हा तं आजारी दिसते. तो भडकवाला द्या." भडकवाला म्हणजे मी. अशी माझी निवड झाली, डोकं न वापरता.

स्टुडिओचं दार पश्चिमेला. दुपारचं ऊन थेट माझ्या तोंडावर. पडदा ओढायचा सोडून अमोलनं माझा उजेड शेवटापर्यंत चढवला. माझ्यावर उजळ दिसणारे फोटो कागदावर काळपट यायचे. मग छपाईवाल्याला शिव्या आणि मला पाठीत थापड. त्याच्या बायकोनं, साधनानं, स्क्रीनचे रंग मोजून नीट करायचं यंत्र आणलं. "माहे डोये गेले काय?" म्हणत त्यानं ते खणात टाकलं.

एकदा दुर्गाबाई आल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची तेरवी. सूर्यभानजींचा मोबाइलमध्ये एकच फोटो होता, तो मोठा करून हवा होता. अमोलनं माझ्या भरवशावर केला. बाईंनी छापलेला फोटो पाहिला.

"कोन होय हा?"

"तुमचेच मालक होय ना, मावशी."

"डोये कुठी हायेत त्याहिचे?"

"रंगच काया-सावया होता त्याहिचा. मी काय करू?"

"काये होते. पन दिसत होते," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. उठेचनात.

साधनानं पडदा ओढला, खणातलं यंत्र माझ्या तोंडावर लटकवलं. माझा उजेड उतरला, भडक निळेपणा गेला. तोच फोटो आता माझ्यावरही काळाकुट्ट दिसला. साधनानं चेहरा अंधारातून हळूहळू वर काढला, गोरा न करता.

नवा फोटो छापून आला तसा दुर्गाबाईंनी तो बाहेर उन्हात नेऊन पाहिला. बराच वेळ.

"फोटोले उभं केलं का हे असेच पाहत जाय. रागानं," त्या म्हणाल्या आणि फोटो पदराखाली घेऊन गेल्या.

अमोलचा हात सवयीनं माझ्या उजेडाच्या बटणाकडे आला.

"हात लावून तं पाहा," साधना म्हणाली.

मित्रांनो, स्क्रीन घेताना सगळ्यांत चकाकणारी उचलू नका. ऊन अडवा, अधूनमधून रंग मोजा. एवढंही होत नसेल तर निदान थापड मारू नका. सूर्यभानजींचे डोळे मी खाल्ले नव्हते. उजेड चढवणाऱ्या हातानं खाल्ले होते.