पाच मिलिमीटरची नळी

तुम्ही खोटं लिहिलंत. मंजुरीच्या टेबलामागे बसता त्या सगळ्यांना सांगतोय. नावं घेत नाही, कारण तुमच्या पत्रावरही नाव नव्हतं, नुसती सही होती. पत्रात वाक्य होतं, "इतक्या अरुंद धमन्यांचे रुग्ण नगण्य असल्याने स्वतंत्र उपकरणाची गरज दिसून येत नाही." नगण्य म्हणजे मोजायच्याही लायकीचे नाहीत. मोजले कोणी? तुम्ही? की मी?

मी लोकेंद्र बिसेन. आयटीआय टर्नर, डिग्री नाही. नागपूरजवळच्या एका कारखान्यात अकरा वर्षांपासून कॅथेटर बनवतो. म्हणजे लांब, लवचिक नळी. हृदयाची झडप आखडली की पूर्वी छाती उघडून नवी बसवत. आता नवी झडप घडी घालून नळीच्या तोंडात भरतात, मांडीच्या धमनीतून वर सरकवतात आणि हृदयात नेऊन उघडतात. आमच्याकडे बनायची ती नळी बाहेरून सात मिलिमीटर जाड. तिचं माप ज्या माणसांवरून ठरलं ती आडव्या हाडाची, उंच. आमच्या बाया तशा नाहीत.

सुंदरबाई माझी मोठीमाय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. इटियाडोहच्या कालव्याखाली आमचं गाव. दहावीपर्यंत मी तिच्याच हातचं खाल्लं. २०१५ साली ती चुलीपासून विहिरीपर्यंत जाताना तीनदा खाली बसायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावीच लागेल. छाती उघडणं धुराने गेलेल्या फुप्फुसांना झेपणार नाही. मांडीतून जावं तर तिची धमनी पाच पूर्णांक एक मिलिमीटर. सातची नळी घातली तर ती फाटेल. मग काय करायचं, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नळी तुम्हीच बनवता ना.

म्हणून बनवली. नळी बारीक करायची तर झडपेची घडी आणखी घट्ट करावी लागते, आणि घडी घट्ट झाली की झडपेच्या पातळ पाकळ्या दुमडीवर चिरतात. पहिल्या वर्षी सगळ्या चिरल्या. मग नळीच बदलली. साप बेडूक गिळतो तेव्हा त्याचं अंग जिथे बेडूक आहे तिथेच फुगतं, मागे पुन्हा बारीक होतं. तशी बाहेरची नळी केली, तारेच्या विणीची. झडप पुढे सरकते तेवढ्यापुरती ती ताणते, मग मिटते. विणीचा कोन चुकला की वळणावर मुडपायची. दोनशे सोळा नळ्या फेकल्या. दोनशे सतरावी, बाहेरून पाच मिलिमीटर, काचेच्या धमनीतून सरळ गेली, एक पाकळी चिरली नाही. आनंद वगैरे झाला नाही. मशीन बंद केली आणि स्टुलावरच झोपलो.

मंजुरीसाठी पहिला अर्ज केला. तुम्ही म्हणालात, अशा रुग्णांची मापं आणा. आणतो म्हणालो. सोनोग्राफीची मशीन गावात नेता येत नाही, गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा आहे, ती नोंदलेल्या खोलीबाहेर निघत नाही. मग साठीच्या वरच्या त्रेचाळीस बाया काळीपिवळी जीपमध्ये कोंबून कोहमाऱ्यावरून गोंदियाला आणल्या, तीन खेपांत. सोनोग्राफी म्हटल्यावर गावभर हसू. शेजारची दुर्पता गाडीत सगळ्यांदेखत म्हणाली, "काऊन वो सुंदरा, या उमरीत दिवस गेले का तुले?"

"तुयाच बुड्याले इचार," मोठीमाय म्हणाली.

हसता हसता तिला धाप लागली. मला वाटलं, हसण्याने लागली.

सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन जायचं असतं, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला माहीत आहे. सुनांच्या वेळी प्रत्येकीने पाहिलेलं. आम्हाला पोट बघायचं नव्हतं, मांडी बघायची होती, पाण्याची काही गरज नव्हती. हे मी कोणाला सांगितलंच नाही. सुचलंच नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणी पोटभर पाणी पिऊन आलेल्या. मोठीमायला डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरची मर्यादा घातलेली. ती घरून दोन तांबे पिऊन निघाली, आणि केंद्रावर नंबर लांबला म्हणून आणखी एक. माझं माप चुकू नये म्हणून.

तिचं माप घेऊन झालं आणि ती टेबलावरून उठू शकली नाही. छातीत पाणी भरलं. नऊ दिवस सरकारी दवाखान्यात होती. ही चूक माझी. कुठेही सही करून देतो.

पण बाकीच्या मापांचं काय? त्रेचाळीसपैकी एकोणतीस जणींची धमनी साडेपाचच्या आत. तुम्ही लिहिलंत, सोनोग्राफीचं माप ग्राह्य नाही, सीटी स्कॅन हवा. पुढे लिहिलंत, शिबिरात एका महिलेची प्रकृती गंभीर झाल्याने ही माहिती विचारात घेता येत नाही. म्हणजे जिच्यासाठी हे सगळं केलं तिचंच आजारपण पुरावा म्हणून आमच्यावर उलटवलंत. आणि शेवटी, नगण्य.

एकोणतीस बाया एका तालुक्यात. तीही फक्त तीन खेपांतली माणसं.

जानेवारीत मी दुसरा अर्ज केला. सगळ्या देशासाठी नाही, एका रुग्णापुरती परवानगी. डॉक्टर तयार आहेत, नळी तयार आहे, बाई तयार आहे. आता एप्रिल संपत आला. फोन केला की प्रक्रियेत आहे म्हणतात. हिंदीत विचारलं तरी तेच, इंग्रजीत विचारलं तरी तेच. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यापर्यंत थांबणं धोक्याचं.

गेल्या रविवारी गावी गेलो. मोठीमाय आता उशांना टेकून बसूनच झोपते, आडवं झालं की दम कोंडतो. नळीचं तिने विचारलं नाही. मीच काहीबाही सांगत होतो, साहेब लोक बघून राहिले, होईल म्हणून. तिने मला थांबवलं.

"बाबू, नाही म्हनत असतीन तं नाही सांग. मले लबाडी नोको."

ते उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. मी थकलोय, साहेब. भांडायलाही पहिल्यासारखा जोर राहिला नाही. समिती, उपसमिती, ग्राह्य, अग्राह्य, काही सांगू नका. सुंदरबाईच्या पायात ही नळी घालू द्याल की नाही? हो की नाही, एवढंच लिहा, आणि मराठीत लिहा, तिला वाचून दाखवायचंय. खाली नाव घालून सही करा. कधी लिहिता?