विठूची ओळ

मित्रांनो, जरा जवळ सरका. मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे हां! माझ्यापुढे कोणी पाढे म्हटले नाहीत, की कोणाचे कान पिळले गेले नाहीत. मी कोरगावच्या एका काजूच्या कारखान्यातला फळा. कारखाना म्हटल्यावर मोठं धुराडं डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची एक लांब शेड, एका टोकाला भट्टी, मधे बिया फोडणाऱ्या बायका, आणि दाराजवळच्या भिंतीवर मी. जुना, काळा, थोडा वाकडा.

जन्माने मी होडी. तेरेखोलच्या खाडीत इकडची माणसं तिकडे नेत होतो. एकदा एक मगर माझ्यात बसून पलीकडे गेली आणि उतरताना भाडं मागितलं तर तिनं झोपेचं सोंग घेतलं. खोटं वाटत असेल तर तिलाच जाऊन विचारा, अजून ती तिथे ऊन खात पडलेली असते. पुढे मी बुडाकडून गळायला लागलो. तेव्हा बाबुराव मेस्ताने माझ्या धडक्या फळ्या काढल्या, रंधा मारला, करवंटीचा कोळसा वाटून मला काळा केला आणि गोकुळदास पात्रांवाच्या शेडीत आणून टांगला. मालकाला आमच्याकडे पात्रांव म्हणतात.

पात्रांवाने मला घेतलं ते एकाच कामासाठी. नवीन वर्षाचा निरोप लिहायला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अहो, तो निरोप म्हणजे शुभेच्छा देऊन मोकळं होणं नव्हे. एक जानेवारीला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, गरम उंड्यांची, गोल पावांची, टोपली आणायचा, मोठ्या टोपात पातळ भाजी रटरटत असायची, आणि पात्रांव खडू घेऊन माझ्यापुढे उभा राहायचा. प्रत्येकाच्या नावाने एक ओळ. सबंध वर्षभर त्याने ज्याला जसं बघितलं, तशी. ‘शेवंती : औंदा भांडलीस कमी, बिया फोडल्यास जास्त. पुढल्या वर्षी दोन्ही वाढव.’ ‘विठू : भट्टी राखलीस, मिशी जाळलीस.’ एका वर्षी तर माणसं इतकी हसली, इतकी हसली, की पोत्यातल्या बियांनाही हसू आवरेना आणि अर्ध्या बिया आपणच फुटल्या. आख्खा गर बाहेर! त्या दिवशी बायका दुपारीच घरी गेल्या.

आणि ते लिहिलेलं वर्षभर तसंच राहायचं. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी एकेकाने पुढे यायचं आणि आपली ओळ आपल्या तळव्याने पुसायची. फडकं नाही, पाणी नाही. “आपलें वर्स आपल्याच हातान संपयात,” पात्रांव म्हणायचा. दुसऱ्याची ओळ कोणी पुसायची नाही. काजूच्या तेलाने काळे झालेले, चिरा पडलेले ते तळवे माझ्यावरून फिरले, की मला वाटायचं, कोणीतरी पाठीवरून हात फिरवतंय.

एका वर्षी राखणदार म्हातारा मधेच वारला. त्याची ओळ तशीच राहिली. सगळ्यांनी आपापली पुसली, नवीन निरोप तिच्या बाजूने लिहिला गेला, पण तिला कोणी हात लावला नाही. शिगमा झाल्यावर त्याची बायको आली, पदराने डोळे पुसले आणि मग तळव्याने ती ओळ. तेव्हापासून तोच रिवाज पडला. गेलेल्याची ओळ घरच्याने पुसायची, त्याला जमेल तेव्हा.

इथून पुढे मी काही वाढवून सांगत नाही, मित्रांनो. मगरीची शपथ.

भट्टीवाल्या विठूची बायको जानकी इथेच बिया फोडायची. तिच्या गळ्यावर सगळी शेड चालायची. ती गायला लागली की हात आपोआप पटापट पडायचे, आणि ती खोकली की कामही अडखळायचं. गेल्या निरोपात पात्रांवाने माझ्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली लिहिलं होतं, ‘जानकी : तू गातेस म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत पोचतो. गात राहा.’ ते वाचून तिनं कमरेवर हात ठेवले होते. “पात्रांवानू, गाण्याचो पगार वेगळो होयो हां!”

चवथीनंतर तिला ताप आला. इस्पितळात नेली, ती परत आली नाही.

बाराव्यानंतर विठू कामावर आला तेव्हा पात्रांवाने त्याला माझ्यापुढे आणलं. “ही ओळ आता तुझी. तुका होयी तेव्हा पूस. नको तर राव दी.” विठूने नुसती मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी तो माझ्यापुढे उभा राहायचा. खांद्यावरच्या टॉवेलाने कोपऱ्यातली धूळ लांबूनच वारा घालून उडवायचा, ओळीला न लावता. आणि हळूच सांगायचा, “आज लाकडां ओली गो. धूर होतलो.” नाहीतर, “शेवंतीन तुझी जागा घेतल्यान नाय, रिकामीच ठेवल्यान.” एवढं बोलून झालं की तो भट्टीकडे जायचा.

दिवाळीनंतर पात्रांवाला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्याचा मुलगा गौरेश पणजीला एका ऑफिसात होता, तो सगळं सोडून आला. वाईट नव्हता हो तो. बापाचं तोंड धुवायचा, त्याला भरवायचा, आणि मग शेडीत येऊन हिशेब बघायचा. फक्त तो कायम ऑफिसच्या खोलीत बसायचा, आणि मी बाहेर भिंतीवर.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी पात्रांवाशिवायच सगळ्यांनी आपापल्या ओळी पुसल्या. शेवटी विठू आला. त्याने स्वतःची ओळ पुसली. मग खाली वाकला आणि जानकीच्या नावासमोर तळवा नेला. माझ्या अंगाला त्याच्या हाताची ऊब लागली, इतका जवळ. आणि त्याने हात मागे घेतला.

“आज नाय,” तो म्हणाला. “शिगम्याक बघूया.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गौरेश आला. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे, कारण तो स्वतःशीच बोलत होता. आपण सुंदर निरोप लिहायचा, फोटो काढायचा आणि बिछान्यावरच्या बापाला दाखवायचा. “बाबा खूश होतील.” त्याने मोबाईल उघडला. कर्मचाऱ्यांसाठी नव्या वर्षाचा निरोप शोधला. एक वाचला, दुसरा वाचला, तिसरा पसंत पडला. मग माझ्याकडे बघितलं. सगळा फळा रिकामा, आणि खाली कोपऱ्यात तेवढी एक ओळ.

“ही राहूनच गेली वाटतं,” तो म्हणाला.

आणि बादलीत फडकं भिजवलं.

मित्रांनो, मगरीला न भिणारा मी! खाडीच्या लाटा छातीवर घेणारा! पण एका ओल्या फडक्यापुढे मला काही करता आलं नाही. ओळ मी घट्ट धरून ठेवली होती. आधी ‘गात राहा’ गेलं. मग जानकी गेली. पाण्याचे ओघळ खालच्या चौकटीवरून जमिनीवर टपकले.

गौरेशने टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘प्रिय सहकाऱ्यांनो, आपण सारे एक कुटुंब आहोत. नव्या वर्षात नवी उंची गाठू या!’ आणि फोटो काढला.

पोदेर आला, बायका आल्या. शेवंतीने मोठ्याने वाचलं आणि नाक मुरडलं. “उंची? हो पत्रो आधीच टकलेक लागता, बाब!” सगळ्या हसल्या. गौरेशही हसला. मग तिची नजर खाली कोपऱ्यात गेली आणि तिच्या हातातला उंडा टोपात पडला.

“बाब,” ती हळू म्हणाली, “हंय एक ओळ होती.”

“हो, राहिलेली. पुसली मी.”

बाहेर विठूचं खोकणं ऐकू आलं. शेवंती धावत येऊन माझ्या कोपऱ्याला पाठ लावून उभी राहिली, जशी काही तिच्या लुगड्याआड ते लपणार होतं.

विठू आत आला. धुतलेला शर्ट घातला होता, केस पाण्याने बसवले होते. “बाजूक सर गो शेवंती. बायलेक नव्या वर्साचा सांगूचा आसा.”

ती सरेना. त्याने तिचा खांदा धरून तिला अलगद बाजूला केलं.

त्याने कोपऱ्याकडे बघितलं. मग टॉवेलाने वारा घातला, रोजच्यासारखा, रिकाम्या जागेवर.

“खंय गेली?” त्याने मलाच विचारलं.

शेवंतीने गौरेशला सगळं सांगितलं. रिवाज, पात्रांवाचं बोलणं, सगळं. त्याने खडू घेतला, गुडघे टेकले, आणि तीच ओळ, त्याच जागी परत लिहिली. “विठूदादा, बघा ना. तीच आहे. शब्दन् शब्द तोच आहे.”

विठूने वाचली. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“पात्रांवान तिका गाताना बघून लिवल्यान, बाब. तुम्ही तिका खंय बघलात?”

मग तो वाकला आणि तळव्याने ती ओळ पुसली. हळूहळू, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. “माका एकदा हात लावचो होतो,” तो म्हणाला. “इतक्याच.” आणि भट्टी पेटवायला गेला. त्या दिवशी उंडे कोणी खाल्ले नाहीत.

गौरेशने आपला निरोप आपल्याच तळव्याने पुसला आणि घरी जाऊन बापाला सांगितलं. पात्रांवाने जड जिभेनं एवढंच विचारलं, “विठू जेवलो?” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हे गौरेशनेच मागाहून शेवंतीला सांगितलं, डोळे पुसत.

आता शिगमा जवळ आलाय. मी अजून कोरा आहे. गौरेशने ऑफिसच्या खोलीला कुलूप लावलंय आणि तो दुपारभर बायकांमधे बसून बिया फोडतो. त्याचे तळवेही काळे झालेत. “लिवा मगे, बाब,” शेवंती त्याला डिवचते. तो म्हणतो, “अजून नाही. अजून मी कोणाला नीट बघितलं नाही.”

विठू सकाळी येतो. सवयीने माझ्यापुढे थांबतो, तोंड उघडतो, आणि काही न बोलता भट्टीकडे जातो. त्याच्या पाच बोटांचा पांढरट पट्टा माझ्या कोपऱ्यात तेवढा राहिलाय. जानकीची जागा शेडीत रिकामी आहे तशीच आहे, आणि गाणं कोणी म्हणत नाही.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या होडीचं एवढं ऐका. घर झाडताना, भिंत रंगवताना, फळा पुसताना कुठे कोपऱ्यात काही राहिलेलं दिसलं, तर ते चुकून राहिलंय असं समजू नका. फडकं खाली ठेवा, आणि आधी हाक मारून विचारा, ‘कोणाचं गो हे?’ कोणीतरी रोज सकाळी त्याच्याशी बोलत असेल.