कलमाखालचं खोड

तोकुजीची पहिली बायको चियो वारली आणि वर्षाच्या आत मित्सुए लग्न होऊन जपानमधल्या गोतो बेटावरच्या त्या घरात आली. दारातच चियोनं लावलेला पांढऱ्या फुलांचा कॅमेलिया होता.

"हा मला नको. मला लाल हवा," मित्सुएनं स्पष्टच सांगितलं.

तोकुजीनं वाद घातला नाही. झाड बुंध्यापाशी कापलं आणि त्याच खोडावर तिनं निवडलेल्या लाल जातीचं कलम बांधलं.

कलम जोमानं वाढलं. पण दर वर्षी सांध्याखालून जुन्या खोडाला कोंब फुटायचेच.

"मेली तरी जागा सोडवत नाही हिला!" असं पुटपुटत मित्सुए ते खुडून टाकायची.

भिंतीकडचा एक कोंब मात्र तिच्या नजरेतून सुटला. यंदा थंडीत एका सकाळी पाहते तर लाल फुलांखाली एक पांढरं फूल उमललेलं. ती कात्री घेऊन तरातरा गेली. रागाच्या भरात फुलाबरोबर बोटही कापलं, आणि ती कळवळली.

तोकुजी अनवाणीच धावत आला.

"फार लागलं का गं?"

इतक्या मायेनं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. तिनं रक्ताळलेलं बोट पुढे केलं.

तो खाली वाकला होता. पांढरं फूल त्यानं ओंजळीत घेतलं होतं.