पान एकशे बारा

"काका, दहा मिनिटांत मिळेल ना? बारा वाजता आमच्या साहेबांचा प्रश्न आहे सभागृहात."

एका सदस्याची सगळी कागदपत्रं सांभाळणारी ही सहायक बाई विधिमंडळाच्या ग्रंथालयात नेहमी अशीच धापा टाकत शिरायची. टेबलामागच्या माणसाला तिथे सगळे दहामिनिटे म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कुठल्या मंत्र्याने कुठल्या साली काय सांगितलं, हे ते दहा मिनिटांत काढून द्यायचे. संगणक आला तरी लोक त्यांच्याकडेच येत. संगणकाला नीट विचारावं लागतं, दहामिनिटेंना अर्धवट विचारलं तरी भागायचं.

"विषय बोला."

"घाटापलीकडचं सरकारी रुग्णालय. तिथली डायलिसिसची यंत्रं चालू आहेत का?"

पेन्सिलीकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला. "पान एकशे बारा," ते म्हणाले. "गेल्या वर्षीच्या कार्यवाहीचा दुसरा खंड. ‘दोन यंत्रे बसविण्यात आली असून ती कार्यान्वित आहेत.’"

"कमाल आहे बाई! तोंडपाठ?" ती हसली.

तिचा काय दोष? दहामिनिटेंची बायको गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. कशी गेली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

चार महिने झाले होते. बायकोला भावाकडे जायची फार ओढ लागली म्हणून दोघं घाटापलीकडे गेली होती. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस व्हायचं, तेही शहरातल्या मोठ्या इस्पितळात. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला धाप लागली. मेव्हण्याने लगबगीने गाडी काढली.

"भावोजी, सरळ शहरात जाऊ. दोन तासांत पोचतो."

"दोन तास कशाला? इथे वीस मिनिटांवर यंत्र आहे."

"मी तरी कधी चालू बघितलं नाही हो."

"अहो, सभागृहात उत्तर आलंय. छापील! मी स्वतः नोंदवलंय."

मेव्हणा घुटमळला. बायको चपलेत पाय सरकवत होती. एवढ्या धापेतही ती भावाला म्हणाली, "हे म्हणताहेत ना, मग असेलच."

यंत्रं होती. दोन्ही होती, छापील उत्तरात लिहिल्याप्रमाणे. त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, कारण खोलीला पाण्याची जोडणीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ओशाळून चिठ्ठी लिहून दिली आणि शहरात न्यायला सांगितलं. यात तास गेला. घाट चढून होण्याआधी बायको गेली.

मेव्हणा त्यांना एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता, चार लोकांत तोंडावर थुंकला असता, तरी दहामिनिटेंना बरं वाटलं असतं. तीस वर्षं त्यांनी छापलेल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासावर त्यांनी तिला गाडीत बसवलं होतं.

"काका, वेळ होतोय," सहायक म्हणाली.

त्यांनी टिपण लिहायला घेतलं. पान एकशे बारावरचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद सहीसाठी विभागप्रमुख बाईंपुढे ठेवला.

"‘प्रत्यक्षात यंत्रे बंद आहेत’?" प्रमुख बाईंनी चष्मा वर केला. "याला आधार काय?"

"मी पाहिलंय."

"दहामिनिटे, अहो, तुम्हीच मला शिकवलंत ना? पाहिलेलं चालत नाही, ऐकलेलं चालत नाही. कागद लागतो. ही ओळ काढा."

खोडरबर त्यांच्यासमोरच होतं. त्यांनी ते उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि सदऱ्याच्या खिशात हात घातला. चार घड्यांचा कागद चार महिन्यांत घामाने मऊ पडला होता. रुग्णालयाचा शिक्का, तारीख, वेळ. ‘डायलिसिस यंत्रे बंद, पाण्याची जोडणी नाही. रुग्णास पुढे पाठविले.’

प्रमुख बाईंनी वरचं रुग्णाचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "काका..." एवढंच त्या म्हणाल्या आणि सही केली.

टिपण आणि चिठ्ठीची प्रत घेऊन सहायक निघाली. दारापर्यंत जाताना वाचत गेली असावी, कारण तिथे ती थबकली आणि वळून बघू लागली. दहामिनिटेंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "जा, बारा वाजतील."

सव्वाबाराला भिंतीवरच्या कर्ण्यातून मंत्र्यांचा आवाज आला, "तपासून घेऊ." दोन-चार सदस्यांनी आरडाओरडा केला. मग पुढचा प्रश्न पुकारला गेला.

दहामिनिटेंनी त्या रुग्णालयाची फाइल काढली. पान एकशे बाराच्या प्रतीमागे त्यांनी मूळ चिठ्ठी लावली. खिसा रिकामा झाला तेव्हा त्यांना भडभडून आलं, पण फाइलवर पाणी पडू नये म्हणून ते थोडे मागे सरकून बसले. उद्या कुणी शोधायला आलं, तर उत्तर आणि चिठ्ठी एकत्र हाती लागणार होती.

मग त्यांनी नोंदवही उघडली. विषय लिहिला, तारीख लिहिली. ‘कोणाकडून प्राप्त’ या रकान्यापाशी पेन थांबलं. लग्नाच्या एकतीस वर्षांत ‘अगं’ म्हणूनच भागत आलं होतं. त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात, बायकोचं पूर्ण नाव लिहिलं.